बाहीची घडी

आमच्या लाँड्रीत गिऱ्हाइकाचा कपडा शोधावा लागत नाही. आत इस्त्रीच्या टेबलापाशी वहिनी तयार कपडा सळईवरच्या नंबर घातलेल्या हुकाला अडकवतात आणि आतूनच सांगतात, "वर बेचाळीस," किंवा, "खाली नऊ." मी बाहेर काउंटरवर त्या पावतीच्या स्थळप्रतीवर तसं लिहितो. वरची सळई लांब कपड्यांची, म्हणजे कोट, झगे, पडदे. खालची शर्ट-पँटची. एकवीस वर्षं हे असंच चाललंय आणि एवढ्या वर्षांत आमच्याकडून एकच कोट हरवला. तोही मालकांच्या मेहुण्याने स्वतःचा समजून घालून नेला होता.

वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको. मित्र गेल्यावर मीच मालकांकडे शब्द टाकून त्यांना इथे लावलं, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर त्या आपल्या आपण आल्या, मालकांच्या अंगावरचा शर्ट उतरवून घेतला, इस्त्री करून परत दिला आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाल्या. गिऱ्हाइकं त्यांना कडकवहिनी म्हणतात. पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट हा त्यांचा कामाचा वेष. खांद्यापासून मनगटापर्यंत बाहीला अशी घडी, की बोट लावायची भीती वाटावी. संध्याकाळी सहालाही ती तशीच असते. माझा शर्ट सकाळी दहालाच कुणीतरी त्याच्यावर झोपून उठल्यासारखा दिसतो. त्यावर त्यांचं मत असं, "भावजी, लोक कपडे घालतात. तुम्ही कपड्यात मुक्काम करता."

दीड वर्षापूर्वी थंडी सुरू व्हायच्या बेतात दुकानदार संघाच्या हॉलमध्ये फ्लूच्या लशीचं शिबिर झालं. मंगळवार होता. दिवसभर दुकानादुकानांतून माणसं येऊन रांगेत उभी राहत होती. वहिनींच्या मागे मी होतो, आणि फुकट सल्ला द्यायची माझी सवय काही रांगेत उभं राहून सुटत नाही.

"डाव्या हाताला घ्या," मी म्हणालो. "उजव्याने इस्त्री करायचीय."

"डाव्याने टांगायचंय त्याचं काय?"

"टांगण्याला कसलं बळ लागतं?"

त्यांनी डावा हात दिला. नर्सबाई उभ्या होत्या, वहिनी बुटक्या स्टुलावर बसलेल्या. नर्सबाई म्हणाल्या, "बाही वर करा." वहिनी म्हणाल्या, "वर नको, घडी मोडेल." गळ्याची दोन बटणं काढून त्यांनी कॉलर बाजूला ओढली. जेवढा खांदा बाहेर आला तेवढ्यात नर्सबाईंनी सुई दिली. मागे चाळीस माणसं होती, वाद घालायला कुणाला वेळ होता? मी हसून म्हणालो, "सुईसुद्धा इस्त्रीला विचारून आत गेली." माझा तो विनोद त्या दिवशी बराच चालला.

बुधवारी सकाळी आतून आवाज आला, "खाली तीन."

पावती पाहिली तर लांब कोट. मी ओरडलो, "वहिनी, कोट आहे तो."

"खाली तीन," त्या पुन्हा म्हणाल्या.

मी लिहिलं. मग "खाली सात", तोही कोट. "खाली अकरा", झगा. शुक्रवारी एका बाईंनी कोट परत आणला. खालच्या सळईला टांगल्यामुळे त्याची कड जमिनीला घासली होती आणि तिच्यावर धुळीची रेघ उमटली होती. मालकांनी ते पुन्हा धुवून देण्याचा खर्च वहिनींच्या पगारातून कापला. मी स्थळप्रतीच्या कडेला लाल पेन्सिलीने शेरा मारला: "वहिनी आळसावल्या आहेत. बुधवारपासून कोट खालीच. सांगूनही ऐकत नाहीत." अक्षर सुरेख आलं होतं. मला आठवतं.

सुई घेतली की दोन दिवस दुखतंच, एवढंच वहिनींना ठाऊक होतं. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. मग एक दिवस त्या केस कापून आल्या. कमरेपर्यंतची वेणी गेली आणि मानेपर्यंत केस आले.

"काय वहिनी, नवी फॅशन?"

"सोय," त्या म्हणाल्या. "एका हाताने वेणी घालता येत नाही."

मी दुसऱ्याच्या खिशात किती पैसे आहेत हे त्याच्या चालण्यावरून सांगतो, असा माझा लौकिक आहे. पण तीन फुटांवरच्या बाईचा डावा हात महिनाभर खांद्याच्या वर गेला नव्हता, हे मला वेणी गेल्यावर कळलं.

सहा आठवड्यांनी त्या पहिल्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी "काही आठवड्यांपासून दुखणे, वयोमानानुसार" असं लिहून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली, हात तिथेच राहिला. लशीनंतर चौथ्या महिन्यात दुसरे डॉक्टर. त्यांनी यंत्रावर खांद्याचं चित्र काढलं, उजेडावर धरलं आणि विचारलं, "इथे कधी सुई घेतली होती का?" सांध्यावर एक लहानशी पिशवी असते, सुई नको तितकी वर लागली की लस तिच्यात जाते आणि ती सुजून बसते, असं त्यांनी समजावलं. क्वचितच होतं, पण होतं. छोटी शस्त्रक्रिया आणि मग पाच-सहा महिने व्यायाम. खर्चाचा आकडा सांगितल्यावर वहिनींनी चित्र पिशवीत घातलं आणि आभार मानून उठल्या. डॉक्टरांनी त्यांना पुन्हा बसवलं. अशा दुखण्यासाठी एक भरपाई मंडळ आहे, म्हणाले. तिथे अर्ज करा.

इकडे मालकांनीही हिशेब मांडला होता. मालक वाईट माणूस नाही, पण त्यांच्या चांगुलपणाला मुदत असते. येत्या थंडीत कोटांची गर्दी व्हायच्या आत वरच्या सळईपर्यंत हात पोचला तर टेबल वहिनींचं. नाहीतर टेबलावर दुसरी बाई येईल आणि वहिनी मागच्या खोलीत रुमाल-मोजे निवडायला बसतील, अर्ध्या पगारावर. मंडळाने हो म्हटलं तर शस्त्रक्रिया, नाही म्हटलं तर रुमाल. एवढं सरळ होतं ते.

चांभाराच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, फुकट सल्ला देणाऱ्या एक वकीलबाई बसायच्या. वय माझ्या भाचीएवढं, पण बोलणं मोजून. त्यांनी सगळे कागद बघितले आणि पेन खाली ठेवलं.

"लस घेतल्याचा कागद आहे. दुखण्याचा कागद आहे. पण मधे सहा आठवडे मोकळे आहेत. मंडळाचा नियम असा, की दुखणं लशीनंतर दोन दिवसांत सुरू झालं पाहिजे. ते कशावरून?"

"मी सांगते ना," वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही सांगालच. अजून कोण सांगेल?"

"मी सांगतो," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून बघतोय मी. हात धरून कण्हत होत्या."

वहिनींनी माझ्याकडे मान वळवली. "कधी कण्हले मी?"

"अहो, म्हणायचं असतं."

"तुम्ही बघितलंत कधी, भावजी? तुम्ही तर आळशी म्हणून लिहून ठेवलंत."

वकीलबाई एकदम पुढे सरकल्या. "काय लिहून ठेवलंत?"

अशा रीतीने आमच्या स्थळप्रती वकिलांच्या टेबलावर गेल्या. मंगळवारपर्यंत प्रत्येक कोट वर. बुधवारपासून प्रत्येक कोट खाली. एकही अपवाद नाही, आणि सगळं माझ्या हातचं, त्या त्या दिवसाच्या शाईत. वकीलबाई पानं उलटताना हळूहळू माणसांत आल्या. माझा शेरा आल्यावर मी म्हणालो, "एवढी कड कापून झेरॉक्स काढता येईल. तिचा इथे काही संबंध नाही."

"कड कापायची नाही," वहिनी म्हणाल्या. "आहे तसं द्या."

"अहो, त्यात तुम्हाला आळशी म्हटलंय."

"तुम्ही म्हटलंय. मी कुठे म्हटलंय?"

नंतर भरपाईची यादी करायला बसलो. असली यादी मी आयुष्यात पाहिली नाही. वकीलबाई वाढवत होत्या आणि ह्या बाई वजा करत होत्या. मलमाचा खर्च लिहिला, तर म्हणाल्या, "काढा. मी ते आधीपासून पाठीला लावते." रिक्षाचं भाडं लिहिलं, तर त्यातल्या दोन खेपा त्यांनी खोडायला लावल्या, कारण त्या दिवशी परतताना त्या बहिणीकडे जेवायला गेल्या होत्या. शेवटी वकीलबाईंनी मानसिक त्रासाची रक्कम घातली. वहिनींनी विचार केला. "तो मला नव्हता. भावजींना होता. त्यांनी अर्ज करावा."

वकीलबाईंनी ती ओळ कापली. कापताना त्यांना हसू आवरत नव्हतं, आणि मला वाटतं, त्या दिवसापासून ही केस त्यांची स्वतःची झाली.

बाहीचा किस्सा मीच त्यांना सांगितला, चहा पिता पिता, गंमत म्हणून. त्यांचा कप तिथेच थांबला.

"हे मंडळासमोर आपणहून काढायचं नाही," त्या वहिनींना म्हणाल्या. "खोटं बोला असं मी सांगत नाही. पण अधिकारी म्हणतील, नर्सनी बाही वर करायला सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाहीत, म्हणजे दुखणं तुम्हीच ओढवून घेतलंत. कायद्यात चूक कोणाची हे बघायचं नसतं. पण माणूस बघतोच. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या."

"बरं," वहिनी म्हणाल्या. त्यांचं "बरं" मी एकवीस वर्षं ऐकतोय. त्यात होकार असतोच असं नाही.

सुनावणी एका सरकारी इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत होती. एक टेबल, एक पंखा, पाण्याचा जार. अधिकारी साठीकडे झुकलेले, चष्मा कपाळावर, करड्या कोटात. वहिनींनी खोलीत शिरताच त्यांच्या कॉलरकडे पाहिलं आणि नजर फिरवली.

आधी माझी पाळी. स्थळप्रती त्यांच्यासमोर होत्या. वर काय, खाली काय, ते मी सांगितलं. ते शांतपणे एकेक आकडा बघत गेले. मग बोट थांबलं.

"हा लाल शेरा कोणाचा?"

"माझा."

"वाचा."

मी वाचला. "वहिनी आळसावल्या आहेत. बुधवारपासून कोट खालीच. सांगूनही ऐकत नाहीत." आपलंच सुरेख अक्षर भर खोलीत मोठ्याने वाचण्यासारखी शिक्षा नाही.

"म्हणजे ह्यांना काही दुखतंय, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं साहेब."

"तुम्हाला वाटलं, काम टाळतायत."

"हो."

ते मागे टेकले. "मग हा शेरा ह्यांना मदत करायला लिहिला असेल, असं मला म्हणता येणार नाही," ते म्हणाले, आणि कागदावर काहीतरी टिपलं. दोन दिवसांचा प्रश्न माझ्या कुजकेपणाने सोडवला. मी त्याचं श्रेय घेत नाही. कड कापू दिली नाही ती वहिनींनी.

मग वहिनी उठल्या.

"लशीच्या कागदावर 'डावा दंड' लिहिलंय," अधिकारी म्हणाले. "दंडात दिलेली सुई सांध्यात कशी पोचली? मला नेमकी जागा दाखवा."

वहिनींनी उजवं बोट डाव्या खांद्याच्या अगदी टोकाला, हाड लागतं तिथे, टेकवलं.

"इतक्या वर?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "बाई, हजारो लोकांना सुया देणारी नर्स तिथे सुई देत नाही. त्यांना जागा शिकवलेली असते. एवढ्या महिन्यांनंतर तुम्हाला ती जागा चुकीची आठवत असेल."

वकीलबाई माझ्या शेजारी होत्या. इथे वहिनींनी "नाही, तिथेच दिली," एवढं म्हटलं असतं, तर ते खरंही होतं आणि पुरेसंही होतं. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

"त्यांचा दोष नाही," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी बाही वर करा म्हणून सांगितलं होतं. मी केली नाही."

"का?"

"घडी मोडली असती."

अधिकाऱ्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं. वकीलबाईंनी डोळे मिटले.

"साहेब, मी इस्त्री करते," वहिनी समजावून सांगायच्या सुरात म्हणाल्या. "गिऱ्हाईक आधी माझ्या बाहीकडे बघतं, मग कपडा देतं. पहिल्या दिवसापासून मी कामावर असताना बाही वर केलेली नाही. म्हणून मी गळ्याची बटणं काढली आणि कॉलर ओढली. दाखवते."

त्यांनी तिथेच, भर सुनावणीत, दोन बटणं काढली आणि उजव्या हाताने कॉलर ओढली. कडक कापड. जेमतेम तीन बोटं खांदा बाहेर आला. फक्त टोक. दंड सगळा कापडाखाली.

"त्यांना एवढाच दिसला," वहिनी म्हणाल्या. "त्या उभ्या होत्या, मी खाली बसले होते. मागे चाळीस माणसं. जेवढा मी दिला तेवढ्यात त्यांनी टोचलं. चूक म्हणाल तर माझीच आहे. पण सुई इथेच लागली. दुसरीकडे लागायला मी जागाच ठेवली नव्हती."

अधिकारी उठून टेबलाच्या ह्या बाजूला आले. खांद्याचं ते टोक बघितलं, डॉक्टरांनी काढलेलं चित्र बघितलं, पुन्हा खांदा बघितला. मग जागेवर जाऊन बसले.

"बटणं लावा," ते म्हणाले. "बाई, हे सांगितल्यावर अर्ज फेटाळला जाईल, असं तुम्हाला वाटलं नाही?"

"वाटलं."

"मग?"

"तुम्ही म्हणालात, नर्स तिथे टोचत नाही. ते बरोबरच आहे. त्या बाई उगाच बदनाम झाल्या असत्या."

अधिकाऱ्यांनी लिहिलं, बराच वेळ लिहिलं. मग मान वर न करता म्हणाले, "चूक कोणाची हे ह्या मंडळाला ठरवायचं नसतं. सुई कुठे लागली आणि दुखणं कधी सुरू झालं, एवढंच. दोन्ही कळलं." बाकी पत्राने कळवू, म्हणाले.

जिना उतरून खाली आल्यावर वकीलबाईंनी वहिनींचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि मग ऑफिसला उशीर होतोय असं काहीतरी पुटपुटत निघून गेल्या.

"काय झालं त्यांना?" वहिनी म्हणाल्या.

"त्यांनी तुम्हाला गप्प बसायला सांगितलं होतं."

"विचारलं तेवढ्याचं उत्तर दे, म्हणाल्या. विचारलं, मी दिलं." चार पावलं गेल्यावर त्या थांबल्या. "भावजी, साहेबांच्या कॉलरला इस्त्रीचा चटका आहे. बघितलात? असला कोट घालून माणूस न्याय करतो म्हणजे कमाल आहे."

पत्र सात आठवड्यांनी आलं. मागितलेली सगळी रक्कम मंजूर. कमी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, ते काम अर्जदाराने आधीच केलं होतं. आयुष्यभर मी माणसं मापत आलो. कोण किती उधळतो, कोण किती लपवतो, कोण चार आण्यांसाठी किती खोटं बोलतो, हे मला बघता क्षणी कळतं. ह्या बाईचं माप माझ्याकडे नव्हतं. आता आहे, पण ते लावून बघायला दुसरं कुणी भेटलेलं नाही.

शस्त्रक्रिया झाली. पाच महिने व्यायाम. रोज सकाळी दुकान उघडलं की त्या भिंतीला तोंड करून उभ्या राहायच्या आणि डाव्या हाताची बोटं कोळ्यासारखी भिंतीवर चालवायच्या. जिथे हात थांबेल तिथे मी पेन्सिलीची रेघ मारायचो. स्विचबोर्ड, मग कॅलेंडर, मग घड्याळाची खालची कड. मालक येता-जाता रेघांकडे बघायचे. थंडी जवळ येत होती. वरची सळई घड्याळाहून वीतभर उंच आहे.

त्याच सुमारास संघाच्या हॉलमध्ये पुन्हा शिबिर लागलं. मालक म्हणाले, "वहिनी, तुम्ही नका जाऊ. तुम्हाला कोण बोलणार आहे?"

"लशीने काय वाकडं केलंय माझं?" वहिनी म्हणाल्या. "जागा चुकली होती. ती मला आता माहीत आहे."

मी पुन्हा त्यांच्या मागे रांगेत. ह्या वेळी सल्ला दिला नाही. वहिनी स्टुलावर बसल्या, उजव्या मनगटाचं बटण काढलं आणि बाही गुंडाळायला घेतली. एक पट्टी, दुसरी पट्टी, सगळ्या एका रुंदीच्या. एकवीस वर्षांची घडी डोळ्यांदेखत मोडत होती आणि त्यांचा चेहरा शांत होता. बाही थेट खांद्यापर्यंत गेली. मग त्यांनी शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"बसा बाई," त्या नर्सला म्हणाल्या. "आणि हाडापासून तीन बोटं खाली."

नर्स बसली. माझ्याकडे बघून वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्हीही बाही वर करा. तुमची मोडायला काही नाहीच."

परत आल्यावर त्यांनी कपाटातला दुसरा शर्ट घातला, आधीचा टेबलावर घेतला आणि बाही पाणी मारून पुन्हा दाबली. मी काउंटरवर पावत्या लावत बसलो. आत बराच वेळ नुसती वाफ. मग तार घासल्याचा बारीक आवाज आला, एक खोल श्वास, आणि पाठोपाठ,

"वर एक."

माझं पेन थांबलं. "कोट आहे?"

"शर्ट आहे. माझाच. हात बघत होते."

शर्ट वरच्या सळईला टांगायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि स्वतःच्या कपड्याची पावतीही कुणी फाडत नाही. मी नवी पावती फाडली आणि स्थळप्रतीवर लिहिलं: वर एक. कडेला जागा होती. ती मी कोरी सोडली.